मातुगेनुसचे अक्रोड

मातुगेनुस जन्मला तेव्हा त्याच्या आईने त्याच्या ओठांना बार्लीच्या पेजेचे बोट लावले, आणि पुढची पन्नास वर्षे तो ती चव पुसून काढण्याच्या खटपटीत होता. सुलिस देवीच्या गरम कुंडाच्या वर, टेकडीच्या उतारावर त्यांचे घर. गोल, गवताने शाकारलेले, आत धुराने काळे झालेले. बापाच्या पश्चात मातुगेनुसने पहिले काम काय केले असेल, तर घर चौकोनी करून घेतले. रोमन माणसे चौकोनी घरात राहतात, एवढे त्याने खाली बाजारात पाहून ठेवले होते. कोपऱ्यांत थंडी साचते हे त्याला घर झाल्यावर कळले, पण तोवर चारही कोपरे उभे राहिले होते आणि शेजारी येऊन बघून गेले होते.

धंदा भाजीचा. कुंडावर लांबलांबून माणसे अंघोळीला येत: शिपाई, अधिकारी, सांधे धरलेले व्यापारी. दुखणे बरे व्हायला त्यांना आमच्या देवीचे पाणी चाले, पण जेवायला मात्र आपापल्या गावचेच लागे. म्हणून मातुगेनुसच्या वाफ्यांत अशा गोष्टी उगवत ज्यांची नावेही त्याच्या आजोबांनी ऐकली नव्हती. कोबी, कांदा, लसूण, कोथिंबीर, बडीशेप आणि शेपू. रोमन लोकांनी अर्धे जग तलवारीने जिंकले असे म्हणतात. उरलेले अर्धे बहुधा शेपू खायला लागू नये म्हणून आपणहून शरण आले असावे.

भाजी विकून मातुगेनुसने घरी पेज खाल्ली असती, तर त्याच्याबद्दल सांगण्यासारखे काही उरले नसते. पण तो ते सगळे खायचा, आणि खातो आहे हे चारचौघांना दिसेल असे खायचा. कोपरावर रेलून जेवायचे ही रोमन रीत कळल्यापासून त्याच्या डाव्या बाहीवरचा कालवणाचा डाग कधी गेला नाही. माशांची आतडी मिठात घालून महिनोन्‌महिने उन्हात कुजवलेला एक रस दक्षिणेतून मडक्यांत भरून यायचा. तो मातुगेनुस सकाळच्या पेजेवरसुद्धा ओतायचा आणि डोळ्यांत आलेले पाणी शेकोटीच्या धुरावर ढकलायचा. नाकाने कांदे सोलणे आमच्या गावात त्याच्या आधी कुणाला जमण्यासारखेच नव्हते, कारण कांदाच नव्हता.

“मातू, मासा मेलेला आहे रे,” त्याची आई तांकोरिक्स दारातून म्हणायची.

“आई, तो रस आहे. सम्राट खातात.”

“तरीच लवकर मरतात.”

तांकोरिक्स सत्तरीच्या पुढची, बुटकी, काटक. कोंबडी खायची नसते, पाळायची असते, असे तिला तिच्या आजीने सांगितले होते, आणि मुलाच्या घरात रोज कोंबडी कापली जात असताना ती दाराकडे तोंड करून आपली पेज प्यायची. तिचे सुलिसवर मन होते. रोमन आले, त्यांनी कुंडाला दगडी भिंत घातली, देवीला मिनर्वा असे आडनाव लावले आणि देऊळ बांधून वर पहारेकरी ठेवला. तांकोरिक्स तेव्हापासून टेकडीवरूनच हात जोडायची. देवीचे नशीब आपल्यासारखेच, असे ती सुनेला म्हणायची.

मातुगेनुस आता घरातही लॅटिनच बोलायचा. कुणी काही विचारले की उत्तर लॅटिनमध्ये. त्याची बायको अलौना त्याच्या भुवया बघून अर्थ लावायची आणि सहसा चुकायची नाही. मुलगी वेलोरिगा थोडेफार शिकली होती. तांकोरिक्सला त्यातले अक्षर कळत नसे. आपला मुलगा हुशार आहे, एवढे मात्र तिला कळे आणि बरेही वाटे.

आता त्या अक्रोडाचे. वेलोरिगा जन्मली त्या वर्षी गॉलकडच्या एका व्यापाऱ्याने भाजीच्या बदल्यात मातुगेनुसच्या हातावर एक अक्रोड ठेवला. हे ज्युपिटरचे फळ, असे त्याने सांगितले. तिकडे लग्नात नवरा मुलगा हे अक्रोड मुठीमुठीने पोरांवर उधळतो, तेव्हा कुठे ते लग्न खरे रोमन. मातुगेनुसने तो अक्रोड न खाता घरामागे पुरला आणि पाळण्यातल्या मुलीचे रोमन लग्न त्याच दिवशी पक्के केले. नवरा काय, मागाहून मिळाला असता.

झाडाने वेळ घेतला. चौदा वर्षे नुसती पाने. पंधराव्या वर्षी सात अक्रोड लागले, ते मातुगेनुसने खाली नेऊन मोठ्या लोकांना वाटले आणि आपण चवही पाहिली नाही. सोळाव्या वर्षी मात्र झाड लगडले, आणि मुहूर्तावर आल्यासारखा नवरा मुलगाही आला. तिबेरिनुस नावाचा एक निवृत्त शिपाई कुंडाजवळ घर करून होता, त्याचा मुलगा. तिबेरिनुस जन्माने गॉल. रोम त्यानेही पाहिले नव्हते, पण पंचवीस वर्षे रोमचे चिलखत घातले होते, आणि मातुगेनुसच्या लेखी ते पाहण्यापेक्षा मोठे होते. लग्न शरदात ठरले. मातुगेनुस रोज सकाळी झाडाखाली जाऊन मान वर करून उभा राहायचा. हिरव्या सालीतले अक्रोड तडकायला आठ दिवस राहिले होते.

त्या आठातल्या पहिल्याच दिवशी तो भाजी घेऊन खाली गेला आणि परत आला तेव्हा झाडावर पाने सोडून काही नव्हते. त्याने आरडाओरडा केला, तोही लॅटिनमध्ये. कुणाला काही कळले नाही, पण काहीतरी मोठे गेले आहे हे सगळ्यांना कळले.

दुसऱ्या दिवशी तो कुंडावर गेला. तिथे दोकिलिस नावाचा लेखनिक शिशाचे पातळ पत्रे घेऊन बसायचा. आमच्याकडची पद्धत अशी, की चोरी झाली की चोराचा शाप पत्र्यावर कोरून घ्यायचा, पत्र्याची गुंडाळी करायची आणि कुंडात सोडायची. पुढचे देवी बघते.

“हातमोजे?” दोकिलिसने मान वर न करता विचारले. देवीकडे जाणारे निम्मे अर्ज हातमोज्यांचेच असत.

“अक्रोड.”

“बरं. ते देवीला दिलेत असं लिहितो.”

“दिले कुठे? चोरीला गेले.”

“तसंच लिहायचं असतं. आधी वस्तू देवीला द्यायची, म्हणजे मग चोर देवीचा चोर होतो. तुमच्या अक्रोडांसाठी देवी कशाला पळेल? स्वतःच्या वस्तूसाठी पळेल. तुमचं नाव?”

मातुगेनुसने नाव सांगितले आणि त्यापुढे ‘उत्तम रोमन भाज्यांचे पुरवठादार’ एवढे घालायला लावले. मग दोकिलिसने नेहमीची ओळ कोरली: ज्याने नेले तो पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, त्याला देवीने बसू देऊ नये, आडवे होऊ देऊ नये, जोवर तो ती वस्तू तिच्या देवळात आणून देत नाही.

“खाऊ देऊ नये, पिऊ देऊ नये, झोपू देऊ नये, तेही घाला,” मातुगेनुस म्हणाला.

“जागा कुठंय? तुमच्या भाज्यांनीच पत्रा भरला.”

माणसाच्या मिजाशीने कुणाचा जीव वाचल्याचे उदाहरण मला तरी हे एकच माहीत आहे. गुंडाळी पाण्यात गेली. संध्याकाळी जेवताना मातुगेनुसने तो शाप कोपरावर रेलून घरच्यांना आधी लॅटिनमध्ये म्हणून दाखवला, मग आईसाठी खास आमच्या भाषेत, एकेक शब्द चघळून.

“बसायचं नाही?” तांकोरिक्सने विचारले.

“बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही.”

“टेकायचं?”

“टेकायचं काय आई, मध्येच? टेकण्याचं काही लिहिलेलं नाही.”

तांकोरिक्स पेजेचा वाडगा हातात घेऊन उठली आणि उभी राहिली.

पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आले नाही, कारण मागावर उभ्यानेच विणायचे असते आणि म्हातारी दिवसभर मागाशी होती. दुसऱ्या दिवशी वेलोरिगाने विचारले, तर बसून बसून कंटाळा आला, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी पहाटे अलौनाला ती गोठ्याच्या खांबाला पाठ लावून झोपलेली दिसली, उभीच, आणि शेजारी गाय तिच्याकडे बघत होती. मातुगेनुसला सांगितले तर तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचे हे असेच असते. त्याला वेळ नव्हता. तो दरीतल्या प्रत्येक माणसाकडे काही ना काही निमित्ताने जाऊन, कोण बसतो आणि कोण नाही, ते बघून येत होता. सगळे बसत होते. एकाने तर त्याला बघून मुद्दाम पाय पसरले.

चौथ्या दिवशी अलौनाने सासूच्या पायांकडे पाहिले. घोटे कुठे संपतात आणि पोटऱ्या कुठे सुरू होतात ते कळत नव्हते. पायांचा रंग जांभळा झाला होता. तिने सासूला धरून बाकाकडे ओढले, तशी म्हातारीने दोन्ही हातांनी खांब धरला. त्या ओढाताणीत, चार दिवस तिने हातांना गुंडाळून ठेवलेल्या चिंध्या सुटल्या. तांकोरिक्सचे हात मनगटापर्यंत गडद तपकिरी होते, नखेसुद्धा. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रंग महिना महिना जात नाही, हे झाड लावणाऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत होते.

“अहो,” अलौनाने वाफ्याकडे हाक मारली. “तुमचा चोर सापडला. या, बघा, उभा आहे अजून.”

मातुगेनुस हातात शेपूची जुडी घेऊन आला. आईचे हात बघून त्याच्या तोंडून पहिल्यांदा लॅटिन निघाले नाही.

“तू?” तो म्हणाला. “आई, तू रोमन काही तोंडाला लावत नाहीस.”

“मी कुठे तोंडाला लावले? साल काढून घेतली. आतलं टणक लाकूड डुकरांना टाकलं.”

“टाकलं?” मातुगेनुसचा आवाज फाटला. “आई, त्या लाकडाच्या आतच सगळं असतं.”

“असेल. मला रंगाशी काम होतं. पोरीसाठी पांघरूण विणलं होतं, टोपीचं, जाड. तू तिला ते पिवळं जाळीचं काहीतरी घालणार लग्नात. रोममध्ये ठीक आहे, इथे भिजून मरेल. साधं पांढरट पांघरूण दिलं तर तू व्याह्यांसमोर लाजशील म्हणून रंगवलं. तीन वेळा बुडवलं. चांगला रंग आला.”

“मग मला मागायचंस.”

“मागितलं की,” तांकोरिक्स म्हणाली. “पेरणीच्या वेळी एकदा, आणि मग परत त्या दिवशी सकाळी, तू टोपल्या भरत होतास तेव्हा. मातू, त्या हिरव्या साली घेऊ का म्हटलं. तू लॅटिनमध्ये काहीतरी बोललास. मला ते हो वाटलं.”

काय बोललो होतो ते मातुगेनुसला आठवेना. नाही म्हणाला असेल, किंवा नंतर बघू म्हणाला असेल, किंवा नुसते आपले चांगले वाटते म्हणून काहीतरी म्हणाला असेल. त्याला लाज वाटली. पन्नास वर्षांच्या आयुष्यात त्याला गोल घराची, पेजेची, आपल्या नावाची लाज वाटून झाली होती. स्वतःची वाटण्याची ही पहिलीच वेळ.

“आई, बस,” तो म्हणाला. “माझे अक्रोड होते. मी म्हणतो ना, दिले तुला. बस आता.”

“तुझे कुठे राहिले? तूच सांगितलंस जेवताना, देवीला दिले म्हणून. आता सुलिस म्हणेल तेव्हा बसायचं. मी तिला सांगितलं असतं की मला हो वाटलं होतं. पण तिलाही आता लॅटिनच कळतं म्हणतात.”

मातुगेनुस पळत कुंडावर गेला. दोकिलिसने सगळे ऐकून घेतले आणि डोके खाजवले. शाप मागे घ्यायची ओळ त्याला येत नव्हती. वीस वर्षांत कुणी मागितलीच नव्हती.

“नवा पत्रा लिहा. चोरी झाली नाही म्हणून.”

“म्हणजे देवीला आधी खोटं सांगितलंत असं लिहू? तुमच्या नावासकट? भाज्यांसकट?”

“डुकरांनी खाल्ले हो ते.”

“डुकरांना लागू नाही. पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र. डुक्कर यात कुठे बसतं?” दोकिलिसला स्वतःचेच हसू आले, मग मातुगेनुसचा चेहरा बघून त्याने ते आवरले. “हे बघा. वस्तू देवीची आहे. जेवढी उरली असेल तेवढी आणून द्या. ती उदार आहे, उरलेल्यावर भागवते. पण नेणाऱ्याने स्वतः आणायला हवी.”

म्हणून त्या दुपारी उत्तम रोमन भाज्यांचे पुरवठादार डुकरांच्या खोपट्यात गुडघ्यांवर रांगताना सगळ्या गावाने पाहिले. ज्यांनी अक्रोड खरोखर खाल्ले ती डुकरे निवांत आडवी पडली होती, आणि तो त्यांच्या पोटाखालून फुटकी टरफले गोळा करत होता. ओंजळभर मिळाली. ती धुऊन, फडक्यात बांधून त्याने आईपुढे धरली.

तांकोरिक्सने फडके उघडून पाहिले आणि परत दिले. आता ती खांबाला डोके टेकून बोलत होती, आणि मध्येमध्ये तिचे गुडघे वाकत होते.

“ही मी नेली नाहीत. ही मी टाकली. मी साल नेली.”

“साल कुठंय मग?”

तिने आढ्याकडे बोट दाखवले. तिथे वेलोरिगाचे पांघरूण वाळत घातले होते. जंगलातल्या ओल्या मातीच्या रंगाचे, टोपीच्या कडेला बारीक वेणी घातलेले. दोन हिवाळे ती ते विणत होती, आणि चौकोनी घरातल्या एकाही माणसाने, हे काय चालले आहे, असे तिला विचारले नव्हते.

लग्नाला तीन दिवस उरले होते. आधी व्याह्यांना सांगायला हवे म्हणून मातुगेनुस तिबेरिनुसकडे गेला. उधळायला अक्रोड नाहीत, हे वाक्य त्याने वाटेत लॅटिनमध्ये चार वेळा जुळवले. तिबेरिनुस अंगणात पायाला तेल चोळत होता.

“अक्रोड?” तो म्हणाला. “बरं झालं बाबा. माझ्या लग्नात एक डोळ्याला लागला होता. आमची ही अजून बोलून दाखवते. इथे रानात हेझलची बारकी कवचाची फळं पिकलीत ना, पोरांना तीच आवडतात. बस, पेज घे. तुझ्या आईने परवा पाठवली होती तशीच जमली आहे.”

आपली आई व्याह्यांकडे पेज पाठवते हे मातुगेनुसला नवीनच होते. तो बसला नाही. चार दिवस आई उभी असताना आपण रेलून जेवलो, हे त्याला आता आठवत होते.

घरी वेलोरिगाने पांघरूण स्वतः उतरवले. एकदा अंगावर घेऊन टोपी डोक्यावर ओढली, आजीसमोर एक फेरी मारली आणि मग घडी करून तिच्या हातावर ठेवले. तिला रडू येत होते आणि ती ते लपवत नव्हती. तांकोरिक्स म्हणाली, छान दिसतेस, आता काढलंस ते बरं केलंस, जास्त वेळ बघितलं असतं तर दिलं नसतं.

खाली जायला गाडी होती, पण गाडीत बसावे लागते. म्हातारी चालत निघाली. एका हाताखाली पांघरूण, दुसरा हात मातुगेनुसच्या खांद्यावर. अर्ध्या उतारावर तिचे पाय चालेनासे झाले, तेव्हा त्याने तिला काखेत धरले आणि तिचे पाऊल आपल्या पायाने पुढे सरकवत नेले. बाजारात त्याची रोजची गिऱ्हाईके उभी होती. एकाने कोबीची चौकशी केली. मातुगेनुसने आमच्या भाषेत सांगितले की आज नाही, आणि गिऱ्हाईकाला ते न कळताही कळले.

देवळात पहिल्यांदाच शिरलेल्या तांकोरिक्सने भिंती, खांब, पहारेकरी यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही. कुंडाच्या कठड्याशी जाऊन तिने वाफेत तोंड धरले आणि सुलिसशी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलली. मातुगेनुसला नीट ऐकू आले नाही. पोरीचे नाव दोनदा आले, त्याचे एकदा. मग तिने पांघरूण उलगडून पाण्यावर पसरले. लोकर हिरव्या पाण्यावर थोडा वेळ तरंगली, टोपीत हवा धरून राहिली, आणि मग एका बाजूने भिजत खाली गेली. गरम पाण्यात तपकिरी रंगाची एक रेघ सुटली, तीही विरली.

तांकोरिक्स कठडा सोडून वळली आणि देवळाच्या संगमरवरी पायरीवर, जिथे फक्त मोठे लोक उतरताना थांबत, तिथे बसली. तिने दोन्ही पाय पुढे पसरले, डोळे मिटले आणि तिच्या तोंडून असा आवाज आला की मातुगेनुसला तोंड फिरवावे लागले.

पहारेकरी लगोलग आला. काठी आपटून त्याने लॅटिनमध्ये सांगितले की ही बसायची जागा नाही, इथले कसले कसले लोक येऊन बसतात, म्हातारीला उठव आणि बाहेर ने.

तांकोरिक्सने डोळे उघडले.

“काय म्हणतोय रे तो?”

“बस म्हणतोय,” मातुगेनुस म्हणाला, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला.